पाण्यात उतरण्याआधीचा प्रश्न

साठी ओलांडलेल्या एक बाई गेली तीन वर्षं आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येतात. प्रार्थनेला नेमाने हजर, आजाऱ्यांच्या भेटीला सगळ्यांच्या पुढे, शास्त्राचं वाचन आमच्यातल्या कितीतरी जणांहून दांडगं. मागच्या वर्षी त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज केला. त्या दुसऱ्या पंथात वाढलेल्या. जन्मानंतर काही आठवड्यांनी धर्मगुरूंनी कपाळावर पाणी घालून त्यांचा बाप्तिस्मा केला होता. आमच्या मंडळीचा नियम असा, की ज्याने स्वतः विश्वास ठेवला, तो आपल्या तोंडाने कबूल केला आणि मग पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला, त्यालाच सभासद करून घ्यायचं. पाळकांनी हे त्यांना शांतपणे समजावलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आईवडिलांनी जे केलं ते खोटं होतं का?"

सभेत कोणीच काही बोललं नाही. बाहेर पडल्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. एवढ्याशा पाण्यावरून एवढ्या भल्या बाईला दारात अडवायचं? देव काय पाणी मोजत बसतो? जग कुठे चाललंय आणि आपण कुठे अडलोय? बोलणारी माणसं चांगली आहेत, मनाने मऊ आहेत, आणि त्यांचं दुखणं मला कळतं. त्या सभेत मी नियमाच्या बाजूने हात वर केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तरीही उद्या पुन्हा सभा भरली तर माझा हात तसाच वर जाईल. का, ते नीट सांगायला हवं. बॅप्टिस्ट शिकवणीवर ठाम राहणं म्हणजे हेकटपणा, असा समज बाहेर पूर्वीपासून आहेच. आता तो आमच्या आतही मूळ धरू लागला आहे.

नावामुळे लोकांना वाटतं की बॅप्टिस्ट म्हणजे भरपूर पाणी वापरणारे ख्रिस्ती. थोडं शिंपडलं की पुरतं की पूर्ण बुडायला हवं, एवढाच काय तो वाद. पाण्याच्या रीतीलाही आमच्याकडे महत्त्व आहे. प्रेषित पौलाने बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं म्हटलं आहे, आणि पुरणं काही चार थेंबांनी होत नाही. पण सगळा जीव त्या पाण्याआधी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात आहे.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाचा बाप्तिस्मा होता. बोलताना तो अडखळतो, लहानपणापासूनचा त्रास. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे होते. तो पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेला, पाणी गार असल्याने त्याचे खांदे वर आले. पाळकांनी एक हात त्याच्या मानेमागे धरला, दुसऱ्या हाताने त्याचे छातीशी जोडलेले हात पकडले आणि विचारलं, "येशू ख्रिस्त तुझा प्रभू आणि तारणारा आहे असा तुझा विश्वास आहे का?" त्याने तोंड उघडलं. शब्द येईना. मानेच्या शिरा ताणल्या, ओठ थरथरले, तरी येईना. पाळकांनी त्याचं नुसतं मान डोलावणं उत्तर म्हणून घेतलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. ते थांबले. सगळी मंडळी थांबली. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईचे ओठ हलताना मी पाहिले. ते 'हो' तिच्या ओठांवर तयार होतं, पण तिने ते बाहेर काढलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, "हो." आणि मगच पाळकांनी त्याला पाण्याखाली नेलं.

बॅप्टिस्ट कोण, असं कोणी विचारलं की मला पुस्तकांआधी तो थांबलेला क्षण आठवतो. आईचं उत्तर त्या आईच्या ओठांवर होतं, आणि ते चालणार नव्हतं. तिचं प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. प्रश्न तिला विचारलेला नव्हता म्हणून.

आमची बाकीची सगळी मतं याच एका गोष्टीतून निघतात. माझा विश्वास दुसरा कोणी ठेवू शकत नसेल, तर विश्वासाने जोडलेल्या माणसांचीच मंडळी व्हायला हवी, जन्माने किंवा गावकीने जोडलेल्यांची नाही. प्रत्येक विश्वासी थेट देवाला जबाबदार असेल, तर मंडळीचे निर्णय सगळ्या सभासदांनी मिळून घ्यायचे, वरून कोणा बिशपने पाठवायचे नाहीत. आणि देव आणि माणूस यांच्यामध्ये आईबापालाही उत्तर देता येत नसेल, तर राजाला आणि सरकारला तिथे काय काम? विवेकाचं स्वातंत्र्य आज सगळ्यांना आपोआप आलेलं वाटतं. त्याच्या मुळाशी ज्या थोड्या लोकांनी आपलं रक्त घातलं, त्यांत पाण्यावरून अडून बसलेली ही माणसं आहेत. सरकारने धर्मात पडू नये हे म्हणणं तेवढं उचलायचं आणि बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दलचा आमचा नकार जुनाट म्हणून सोडून द्यायचा, असं अनेकांना सोयीचं वाटतं. मला ते जमत नाही, कारण दोन्ही एकाच खोडाच्या फांद्या आहेत.

विरोधातली बाजू मी हलकी समजत नाही. बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्यांत माझ्याहून शंभरपट भक्तिमान माणसं होऊन गेली आणि आजही आहेत. त्यांचा युक्तिवाद असा: देवाने अब्राहामाशी करार केला तेव्हा त्याच्या संततीलाही त्यात घेतलं आणि आठव्या दिवशी सुंता ही त्याची खूण दिली. जुन्या करारात लेकरं आत होती, तर नव्या करारात ती बाहेर कशी? नवा करार जुन्याहून कमी उदार आहे का? प्रेषितांच्या कृत्यांत लुदिया, तुरुंगाचा अधिकारी यांच्यासोबत त्यांच्या अख्ख्या घराण्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या घरांत तान्ही बाळं नसतीलच कशावरून?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही प्रामाणिकच द्यायला हवं. बाळांना बाप्तिस्मा देऊ नका, अशी थेट आज्ञा बायबलच्या नव्या करार या भागात नाही, हे मी मान्य करतो. पण द्या अशीही नाही, आणि दिल्याचं एकही स्पष्ट उदाहरण नाही. जिथे जिथे तपशील दिला आहे तिथे क्रम तोच दिसतो: वचन ऐकलं, विश्वास ठेवला, मग पाणी. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट पुढे वाचली तर पौल आणि सीला यांनी त्याच्या घरातल्या सर्वांना वचन सांगितलं असं येतं, आणि सगळ्या घराने विश्वासाचा आनंद केला असंही येतं. करिंथच्या स्तेफनाच्या घराण्याचा बाप्तिस्मा पौलाने केला, आणि त्याच पत्राच्या शेवटी ते घराणं संतांच्या सेवेला वाहून घेतलेलं भेटतं. सेवेला वाहून घेणारी ही माणसं पाळण्यातली नसणार. करारापुरतं बोलायचं तर यिर्मयाने नव्या कराराचं वेगळेपण हेच सांगितलं, की त्यातले सगळे, लहानापासून थोरापर्यंत, देवाला स्वतः ओळखतील. जुन्या करारात माणूस जन्माने येत असे आणि मग त्याला देवाची ओळख करून द्यावी लागे. नव्यात माणूस त्या ओळखीनेच आत येतो. म्हणून तो कमी उदार होत नाही. कोणाच्या पोटी जन्मलास हे न विचारता तो सगळ्यांना बोलावतो. इथे मतभेद राहील हे मला ठाऊक आहे. पण दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, आणि तसं भासवणं हा दोन्ही बाजूंचा अपमान आहे.

एवढ्या एका मुद्द्यावर राजेरजवाडे इतके का खवळले, याचं कोडं मला बराच काळ सुटत नव्हतं. उत्तर रजिस्टरमध्ये आहे. सोळाव्या शतकातल्या युरोपात गावात मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा, आणि त्या नोंदीबरोबर ते मूल चर्चचं आणि राज्याचं एकदमच होऊन जाई. चर्चची हद्द आणि राज्याची हद्द एकच. अशा ठिकाणी एखाद्या बापाने 'माझं मूल मोठं होऊन स्वतः ठरवेल' म्हटलं, की राज्याच्या पायाचाच दगड हलायचा. 21 जानेवारी 1525 रोजी झुरिखमध्ये काही तरुणांनी एका घरात जमून एकमेकांना विश्वासाचा बाप्तिस्मा दिला. त्यांतला फेलिक्स मान्झ याला 5 जानेवारी 1527 रोजी हातपाय बांधून लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्याचा गुन्हा केलास, घे पाणी, असा तो न्याय होता. ही शिक्षा देणारे पोपचे अधिकारी नव्हते, पोपशी फारकत घेतलेल्या सुधारणावाद्यांचं नगर होतं. मान्झची आई काठावर उभी राहून त्याला विश्वास सोडू नकोस म्हणून ओरडून सांगत होती, असं सांगतात. दोन वर्षांत, 1529 मध्ये, जर्मन साम्राज्याच्या स्पायरच्या सभेने पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना मृत्युदंड असं सगळ्या साम्राज्यासाठी फर्मान काढलं.

इतिहासाला धरून बोलायचं तर ही माणसं अॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारी. आमचा धागा थोडा वेगळा, इंग्लंडमधून अॅमस्टरडॅमला पळालेल्या लोकांचा. जॉन स्मिथने 1609 मध्ये तिथे विश्वासी माणसांचा बाप्तिस्मा सुरू केला. त्याचा सोबती थॉमस हेल्विस काही वर्षांनी परत मायदेशी निघाला. छळाच्या भीतीने पळून राहणं बरोबर नाही, असं त्याचं मत झालं होतं. लंडनच्या वेशीबाहेर त्याने इंग्लंडमधली पहिली बॅप्टिस्ट मंडळी जमवली आणि 1612 मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. त्याच्या एका प्रतीवर स्वतःच्या हाताने राजा पहिला जेम्स याला उद्देशून त्याने लिहिलं, की राजा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे. प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता नाही. हेल्विसला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं, आणि 1616 च्या सुमारास तो तिथेच वारला.

त्या पुस्तकातलं एक म्हणणं मला फार मोठं वाटतं. त्याने फक्त आपल्या लोकांसाठी सूट मागितली नाही. पाखंडी असो, तुर्क असो, यहुदी असो, धर्माबाबत त्यांना शिक्षा करणं राजाच्या कक्षेत येत नाही, असं तो लिहितो. 1612 मध्ये 'तुर्क' म्हणजे मुसलमान, आणि युरोपला त्यांची धास्ती. ज्याला आपली शिकवण शंभर टक्के खरी वाटते, असा माणूस हे लिहितो. आमच्यावर नेहमी आरोप होतो की मतावर ठाम राहणारा माणूस दुसऱ्याचं ऐकून घेऊ शकत नाही. हेल्विसचं उदाहरण उलटं सांगतं. विश्वास स्वतःचाच असावा लागतो हे मत त्याने जितकं घट्ट धरलं, तितकं त्याला दुसऱ्यावर बळजबरी करणं अशक्य झालं. सैल मताच्या माणसाला सहिष्णुता कधीतरी गैरसोयीची वाटू शकते. हेल्विसच्या मतातच ती होती.

अमेरिकेत पळालेल्या प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडचं चर्च शुद्ध करू पाहणाऱ्या कडव्या लोकांनी, स्वतः छळ सोसला होता, तरी त्यांच्या वसाहतीत बॅप्टिस्टांना जागा नव्हती. 1651 मध्ये ओबादाया होम्स आणि दोघे सोबती एका आंधळ्या म्हाताऱ्या बॅप्टिस्टाला भेटायला मॅसॅच्युसेट्समध्ये गेले, त्याच्या घरात उपासना केली आणि पकडले गेले. होम्सला 30 पौंड दंड झाला. मित्र तो भरायला तयार होते. त्याने भरू दिला नाही, कारण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. बॉस्टनमध्ये त्याला तीन पदरी चाबकाचे 30 फटके मारले, आणि पुढे कित्येक दिवस त्याला गुडघ्यांवर आणि कोपरांवर टेकूनच झोपावं लागलं.

पण माझ्या मनात होम्सहून जास्त घर करून राहिला तो हेन्री डन्स्टर. हार्वर्डचा हा पहिला अध्यक्ष. कॉलेज त्याने अक्षरशः उभं केलं होतं. 1653 मध्ये त्याला मूल झालं आणि त्याने ते बाप्तिस्म्याला नेलं नाही. शास्त्र वाचून वाचून तो या निष्कर्षाला आला होता. त्याने बोलायचं नाही एवढंच ठरवलं असतं तर पद टिकलं असतं. त्याला गप्प राहणं जमलं नाही आणि 1654 मध्ये राजीनामा द्यावा लागला. थंडी तोंडावर आलेली, बायको आणि मूल आजारी. ज्या घरासाठी तो स्वतः राबला होता त्या घरात आणखी काही महिने राहू द्या, अशी त्याला विनंती करावी लागली. चाबूक एकदा बसतो. डन्स्टरसारख्याला रोज सकाळी उठून आपण योग्य केलं का, हे पुन्हा ठरवावं लागलं असेल. आजच्या आमच्या स्थितीला त्याचं उदाहरण जास्त जवळचं आहे.

मराठी वाचकाच्या ओळखीचं एक उदाहरण द्यायचं तर 1812 चं. त्या वर्षी अमेरिकेतून काही तरुण मिशनरी कलकत्त्याला आले. त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढे 1813 मध्ये मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. ही सगळी मंडळी काँग्रिगेशनल, बाळांना बाप्तिस्मा देणारी. त्याच तुकडीतला अडोनिराम जडसन जहाजावर बसून विचार करत होता: कलकत्त्याला बंगालमधले इंग्रज मिशनरी विल्यम केरी भेटतील, ते बॅप्टिस्ट, ते वाद घालतील तर उत्तर तयार हवं. म्हणून त्याने ग्रीक नवा करार उघडला, आणि उत्तर शोधता शोधता त्याचंच मत फिरलं. बायको अॅनने त्याला परोपरीने थोपवलं, तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही असंही बजावलं. पुढे तिनेही स्वतः अभ्यास केला आणि सप्टेंबर 1812 मध्ये कलकत्त्यात दोघांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या संस्थेच्या पैशावर ती दोघं परक्या देशात आली होती, तिच्याशी त्यांनी संबंध तोडला. मागे परतायचे पैसे नाहीत, पुढे कोण पोसणार याचा पत्ता नाही. हॉल आणि नॉट यांच्याबद्दल मला आदरच आहे, मराठीवर त्यांच्या मिशनचे उपकार आहेत. जडसनने त्यांना खोटं ठरवलं नाही. फक्त जे पटलं त्याच्या विरुद्ध वागणं त्याला शक्य राहिलं नाही.

केरींचं बंगालमधलं, कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून या बॅप्टिस्टांना डॅनिश झेंड्याचा आसरा मिळाला. त्याच डेन्मार्कमध्ये 1840 च्या दशकात बॅप्टिस्ट आईबापांच्या घरात अधिकारी शिरले आणि बाळं उचलून चर्चमध्ये नेऊन जबरदस्तीने त्यांचा बाप्तिस्मा करू लागले. सरकारी चर्चचा एक पाळक, पीटर क्रिस्टियन किर्केगार्ड, तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्डचा थोरला भाऊ, याने असा बाप्तिस्मा करायला साफ नकार दिला. वरून दबाव आला तरी तो बधला नाही. तो स्वतः बॅप्टिस्ट नव्हता, बाळांचा बाप्तिस्मा मानणारा होता. तरी रडणारं मूल आईच्या हातातून ओढून त्याच्यावर पाणी घालण्यात विश्वास कुठे आहे, हे त्याला दिसलं. 1849 च्या राज्यघटनेने तिथे धर्मस्वातंत्र्य दिलं.

हे सगळं आठवताना एक धोका असतो, आणि तो टाळायला हवा. पूर्वजांनी मार खाल्ला म्हणून आपण बरोबर ठरत नाही. चुकीच्या मतांसाठीही माणसं हसत मेली आहेत. लोकांना आवडत नाही, म्हणजे आपलं खरंच असणार, ही समजूत तर सरळसरळ घातक आहे. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी 1845 मध्ये वेगळी चूल मांडली ती गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवता यावं यासाठी. तेही स्वतःला ठामच म्हणवत होते. त्या पापाची कबुली त्यांच्या संघटनेने 1995 मध्ये दिली, दीडशे वर्षांनी. 2022 मध्ये त्याच संघटनेबद्दल बाहेर आलेल्या चौकशी अहवालाने दाखवलं की लैंगिक अत्याचार झालेल्या माणसांना वरची मंडळी वर्षानुवर्षं टाळत राहिली, आणि 'प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे' हे आमचंच तत्त्व त्यांनी ढाल म्हणून वापरलं. हे वाचताना मान खाली जाते. पण नीट पाहिलं तर दोन्ही ठिकाणी शिकवणीवर ठाम राहण्यात चूक झाली नव्हती. शिकवण सोडली होती. ज्याला देवापुढे स्वतः उत्तर द्यायचं आहे अशा माणसाला दुसरा माणूस विकत कसा घेईल? आणि मंडळीची स्वायत्तता तिच्या सभासदांसाठी आहे, त्यांच्या तोंडावर हात ठेवणाऱ्यांसाठी नाही. स्वतःचं मत तपासायची माझी कसोटी एवढीच आहे: या मतामुळे मी कोणाचं उत्तर त्याच्याकडून हिरावून घेतोय, की त्याला ते द्यायला मोकळा सोडतोय?

आज आम्हाला चाबूक नाही. निदान बहुतेक ठिकाणी नाही. आजची नावड मऊ आहे, आणि म्हणून तिच्यापुढे टिकणं मला जास्त अवघड वाटतं. कोणी विरोध करत नाही, फक्त "त्याने काय फरक पडतो?" म्हणतात. पाट्यांवरून 'बॅप्टिस्ट' हा शब्द हळूच काढला जातो, कारण नवा माणूस बिचकतो. सभासदत्वाची मुलाखत पाच मिनिटांवर येते. सभासदांची सभा वर्षातून एकदा, तीही हिशेब वाचण्यापुरती, बाकी निर्णय दोघे-तिघे बंद दाराआड घेतात. आणि सगळ्यांत मला टोचतं ते हे, की आकडे वाढावेत म्हणून आमच्यातलेच काही पाच-सहा वर्षांच्या लेकरांना पाण्यात उतरवतात. शिबिरात सगळ्यांनी हात वर केला म्हणून त्यानेही केला, आणि पुढच्या रविवारी बाप्तिस्मा. मग बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्यांशी आमचा वाद उरतो कशाचा? निदान ते बाळाच्या तोंडात उत्तर घालत नाहीत. लहान मुलाचा विश्वास खरा नसतो असं मी म्हणत नाही. येशूने लेकरांना जवळ घेतलं. पण जवळ घेणं वेगळं आणि शपथ घ्यायला लावणं वेगळं. मुलाला वाट पाहू दिली तर त्याचं काही हरवत नाही.

वरच्या नेत्यांनी तडजोड केली की काय होतं, हे सोव्हिएत रशियात दिसलं. 1960 मध्ये तिथल्या सरकारमान्य बॅप्टिस्ट संघाच्या नेतृत्वाने, सरकारच्या दबावाखाली, आपल्या वडीलजनांना एक सूचनापत्र पाठवलं: उपासनेत मुलांना येऊ देऊ नये, आणि अठरा ते तीस वयाच्या लोकांचे बाप्तिस्मे होता होईल तितके कमी करावेत. बंदी नव्हती, फक्त कमी करावेत. सरकारने अगदी नेमकी जागा हेरली होती. ज्या वयात माणूस स्वतःचं उत्तर देतो तेच वय. हजारो विश्वासी माणसांनी ते पत्र मानलं नाही. ती वेगळी झाली, जंगलांत जमली, तुरुंगात गेली. कैद्यांच्या आया आणि बायका मिळून त्यांच्या नावांच्या याद्या करून बाहेर पाठवत राहिल्या. ज्यांनी ते पत्र काढलं त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. संघटना वाचवू, माणसं वाचतील, असंच त्यांना वाटलं असणार. पण त्या पत्रात जे वाचवायचं होतं तेच दिलं गेलं होतं.

ठामपणा कठोर असायला हवा असं माझं मत नाही. आमच्या पंथातली उद्धट माणसं मी पाहिली आहेत, आणि शिकवणीचं जेवढं नुकसान त्यांनी केलं तेवढं तिच्या शत्रूंनी केलं नसेल. दुसऱ्याच्या आईवडिलांनी केलेल्या विधीला हसणं, त्यांच्या श्रद्धेला ढोंग म्हणणं, यात बॅप्टिस्ट काहीच नाही. सभासदत्वाबाबत आमचा नियम असला तरी त्या बाई आमच्याबरोबर प्रार्थना करतात, गातात, आजाऱ्याच्या उशाशी बसतात. त्यांना बहीण म्हणायला मला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्यांना बरं वाटावं म्हणून मंडळीने आपला प्रश्नच मागे घेतला, तर पुढे कोणालाच तो विचारायचा हक्क तिला राहणार नाही. अडखळणाऱ्या त्या मुलासाठी आम्ही का थांबलो, याचं कारणही मग उरणार नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. सभेत त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नव्हतं, ते मनात होतं. त्यांनी कपाटातून एक पेटी काढली आणि तिच्यातून एक पांढरं झबलं माझ्या हातात दिलं. कडेला सुईने काढलेली बारीक नक्षी, कापड पिवळं पडलेलं. त्यांच्या बाप्तिस्म्यासाठी आईने स्वतः शिवलं होतं. मी ते बराच वेळ हातात धरून बसलो. मग म्हणालो, "हे खोटं नाही. तुमच्या आईने देवाला दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते त्याने ऐकलं असणार. पण ते त्यांचं आहे."

त्यांनी झबलं माझ्याकडून घेतलं, मांडीवर पसरून हाताने सारखं केलं, नीट घडी घातली आणि पेटीत ठेवलं. "माझं अजून तयार नाही," त्या म्हणाल्या. मी पाळकांना तेवढंच सांगितलं. त्या दर रविवारी येतात, आणि पाळकांनी त्यांना पुन्हा विचारलेलं नाही.